आपल्या घराचे छप्पर सोलरला चालेल का?

मे महिन्यात मुंबईहून आणि आखातातून माणसे गावी आली की हल्ली घराघरांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे सोलरचा. शेजारच्या गच्चीवर पॅनेल चमकत असतात, मोबाईलवर एजंटचे मेसेज येत असतात आणि सुट्टी संपायच्या आत काम उरकावे अशी घाई असते. मग पहिला प्रश्न विचारला जातो किमतीचा. खरे म्हणजे किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न छपराचा.

सोलर पॅनेल साधारण २५ वर्षे चालावे अशा हिशेबाने घेतले जाते. म्हणून ते ज्याच्यावर बसवायचे त्या छपराचे आयुष्य किती उरले आहे, त्यावर ऊन किती पडते, वारा किती लागतो, आणि ते छप्पर नेमके कोणाचे आहे, एवढ्या चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. या पाहण्यासाठी एजंटची गरज नाही. घरातली समजूतदार माणसे एका आठवड्यात यातले बरेचसे काम स्वतः करू शकतात. कोकणातली घरे समोर ठेवून हा लेख लिहिला आहे, पण देशावरच्या आणि शहरातल्या वाचकांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडेल.

आधी विजेचे बिल काढा

गेल्या १२ महिन्यांची बिले एकत्र ठेवा आणि युनिटची बेरीज करा. एका महिन्याच्या बिलावर जाऊ नका. मे महिन्यात घर भरलेले असते, पंखे आणि एसी दिवसरात्र चालतात. जुलैत त्याच घरात दोन म्हातारी माणसे आणि एक फ्रीज एवढेच असते.

एक किलोवॉटची यंत्रणा आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते, म्हणजे महिन्याला १०० ते १२०. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते, मार्च-एप्रिलमध्ये वाढते. तिला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. ३ किलोवॉटसाठी ३०० चौरस फूट धरा. केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने'तही असाच अंदाज दिला आहे: महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॉट, १५० ते ३०० युनिट असेल तर २ ते ३ किलोवॉट, आणि त्यापुढे ३ किलोवॉटहून अधिक.

ज्या घराचा वापर महिन्याला ६०-७० युनिट आहे, त्याला ३ किलोवॉट सांगणारा एजंट आपला फायदा पाहत नाही. जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि पुढच्या बिलांत वळती होते, ही नेट मीटरिंगची सोय चांगली आहे. पण वर्षाअखेर जी वीज उरते तिला आपण विकत घेतो तो दर मिळत नाही. वीज विकून कमाई करण्यासाठी घरगुती सोलर नाही. शिवाय वापर शून्य झाला तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो.

ऊन किती आणि सावली कुठे

आपल्या भागात पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे लागते. दक्षिण कुठे हे मुस्लिम घरात सांगणे सोपे आहे. किब्ल्याकडे तोंड करून उभे राहा. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे, म्हणून तुमच्या डाव्या हाताला जवळजवळ दक्षिण येते. दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी विजेत फार फरक पडत नाही. छपराचा उतार पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तरी काम भागते, थोडी वीज कमी मिळते. फक्त उत्तरेकडे उतरणाऱ्या छपरावर पैसे घालू नयेत.

आता सावली. घरात नमाजच्या वेळांचे कॅलेंडर असतेच. त्यातली जवालची वेळ म्हणजे सूर्य त्या दिवशी सर्वांत उंच असतो ती वेळ. कोकणात ती घड्याळातल्या बाराला येत नाही, साडेबाराच्या आसपास येते. सोलरची बहुतेक वीज जवालच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंत तयार होते. म्हणून एका स्वच्छ दिवशी तीन वेळा गच्चीवर जा: जवालच्या तीन तास आधी, जवालला आणि तीन तास नंतर. जिथे जिथे सावली पडली आहे तिथे खडूने रेघ मारा. तिन्ही वेळा कोरडी राहिलेली जागा हीच तुमची खरी जागा. ती मोजा.

हे काम डिसेंबरात केले तर उत्तम. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या वर्षातल्या सर्वांत लांब असतात. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे गच्ची सगळी मोकळी दिसते आणि फसगत होते. एजंटही बहुधा मे महिन्यातच येतो.

डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल तर हिशेब करा. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जवालच्या वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सुमारे ०.९ पट असते आणि सरळ उत्तरेला पडते. तीन तास आधी किंवा नंतर ती सुमारे पावणेदोन पट होते. शाफई पद्धतीने असरची वेळ लागते तेव्हाची सावली जवळपास एवढीच, थोडी अधिक लांब असते. कारण वस्तूच्या उंचीएवढी सावली अधिक जवालची सावली, असे ते मोजमाप आहे.

एक उदाहरण घ्या. गच्चीची उंची १२ फूट, आणि घराच्या दक्षिणेला ५० फुटी माड. गच्चीच्या पातळीवरून माड ३८ फूट उंच राहिला. डिसेंबरात जवालला त्याची सावली ३३-३४ फूट आणि असरच्या सुमारास ६५ फुटांच्या पुढे जाईल. म्हणजे घराच्या दक्षिणेला ओळीने माड असतील तर हिवाळाभर सावली पॅनेलवर फिरत राहील. माडाची सावली बारीक आहे म्हणून ती सोडून देऊ नका. पॅनेल एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी साखळीतल्या विजेवर परिणाम होतो.

गच्चीवरची सावलीही पाहा. जिन्याची खोली, पाण्याची टाकी, डिशची छत्री, कठडा, शेजाऱ्याचा नवा मजला. टाकी हलवता येते. शेजारी पुढच्या वर्षी मजला चढवणार असेल तर ते आजच विचारून घ्यावे. उत्पन्न देणारा माड तोडून सोलर बसवण्याआधी मात्र दहा वेळा विचार करावा. नारळही घरालाच मिळतात.

छप्पर कोणत्या जातीचे आहे

*स्लॅबची गच्ची* सर्वांत सोपी. पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून वजन चौरस मीटरला १५-२० किलोच्या आसपास भरते. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या चांगल्या स्लॅबला ते जड नाही. प्रश्न स्लॅबच्या तब्येतीचा आहे. खालच्या खोलीत जाऊन छताकडे पाहा. प्लॅस्टर फुगले आहे का, सळया दिसतात का, गंजाचे डाग आहेत का, पावसात ओल येते का? यातले काही असेल तर आधी दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग, मग सोलर. पॅनेल बसल्यावर गळती निघाली तर सगळा सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च पडतो. ३० वर्षांहून जुनी, समुद्राच्या वाळूत बांधल्याचा संशय असलेली घरे तर इंजिनिअरला दाखवूनच निर्णय घ्यावा.

*स्लॅबवरची पत्र्याची शेड* कोकणात घरोघरी आहे. पावसापासून गच्ची वाचवण्यासाठी घातलेल्या या शेडवर पॅनेल बसवता येतात, पण शेड त्यासाठी बांधलेली नसते. पाइप किती जाडीचे आहेत, जोड गंजले आहेत का, खांब स्लॅबला कसे धरले आहेत, हे पाहावे. गंजलेल्या शेडवर नवे पॅनेल म्हणजे वाळवी लागलेल्या खाटेवर नवी गादी.

*कौलारू छप्पर* दिसायला मजबूत, पण कौलांवर भार टाकता येत नाही. आधार खालच्या वाशांना द्यावा लागतो. त्यासाठी कौले काढून वाशांवर लोखंडी पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि दरवर्षी कौले शिवायला माणूस चढणार कसा, हाही प्रश्न उरतो. वासे जुने असतील तर आग्रह धरू नये. अशा घरांना बहुधा कुठेतरी स्लॅबचा तुकडा असतो: न्हाणीघरावर, स्वयंपाकघराच्या वाढीव भागावर, पोर्चवर. तिथे १ किलोवॉट बसते का ते मोजावे. अंगणात खांबांवर बसवण्याचाही पर्याय आहे, पण अनुदान मिळेल का ते आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

*सिमेंटचे पत्रे* असतील तर उत्तर सरळ नाही. ते ठिसूळ असतात, माणूस उभा राहिला तरी फुटतात, आणि बसवताना-पुसताना अपघात होतात.

गच्चीचा रोजचा वापरही विसरू नये. आमसुले, सुकट, पापड, मिरची, गाद्या, लग्नाचा मांडव, सगळे गच्चीवरच होते. त्यासाठी पॅनेल सात-आठ फूट उंच खांबांवर घेतात. त्याखाली वावरता येते, पण खर्च वाढतो आणि वाराही जास्त लागतो. हा निर्णय घरातल्या बायकांना विचारून घ्यावा. गच्ची सर्वांत जास्त त्याच वापरतात.

वारा, खार आणि पुराचे पाणी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत हजारो घरांची छपरे उडाली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना समजवायला नको. पॅनेल म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले शीड असते. वजनाने स्लॅब खचण्याचा धोका थोडा आणि वाऱ्याने पॅनेल उचलले जाण्याचा धोका मोठा आहे.

म्हणून किनाऱ्यावर पॅनेल कमी उतारावर, १० ते १५ अंशांवर बसवणे शहाणपणाचे. त्याने वीज अगदी थोडी कमी होते आणि वाऱ्याची पकड बरीच घटते. गच्चीच्या कडांना व कोपऱ्यांना वारा सर्वांत जोरात खेचतो, त्यामुळे पॅनेल काठापासून दोन-तीन फूट आत असावेत. सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये पक्के बांधले आहेत की नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले आहेत, आणि ठोकळे असतील तर त्यांचे वजन कोणत्या वाऱ्याच्या हिशेबाने काढले, हे विचारावे. यावर लेखी उत्तर न देणाऱ्याला काम देऊ नये.

खाऱ्या हवेत साधे रंगवलेले लोखंड टिकत नाही. सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. पॅनेलला खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ ही चाचणी झालेली आहे का, ते कागदावर पाहावे. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते. तेव्हा अर्थिंगचे खड्डे नीट केले आहेत का आणि वीजरोधक बसवला आहे का, हे तपासावे.

नदीकाठच्या गावांनी २२ जुलै २०२१ आठवावा. त्या दिवशी चिपळूणमध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. इन्व्हर्टर सोयीचा म्हणून पडवीत, मीटरच्या शेजारी लावतात. पुराच्या गावात तो वरच्या मजल्यावरच हवा.

वीज गेली की सोलरही बंद

पुष्कळांचा गैरसमज असा की सोलर बसवले की लाइट जाण्याची चिंता संपली. योजनेत बसवली जाणारी नेहमीची यंत्रणा महावितरणच्या लाइनला जोडलेली असते. लाइन गेली की ती आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. कारण साधे आहे. खांबावर वायरमन काम करत असताना आपल्या गच्चीवरून वीज लाइनमध्ये गेली तर त्याचा जीव जाईल. दिवे गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च बराच वाढतो. पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट नसणाऱ्या गावांनी हे समजूनच पैसे मोजावेत.

छप्पर कोणाचे?

आपल्या घरांत सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि एजंट तो कधी विचारत नाही.

घर आजोबांनी बांधलेले असते. घरपट्टीच्या उताऱ्यावर मरहूम आजोबांचे नाव, मीटर वडिलांच्या नावावर, वडीलही वारलेले. एक भाऊ घरात राहतो, दुसरा कुवेतला, तिसरा मुंब्र्याला. बहिणी लग्न होऊन गेलेल्या, पण हिस्सा त्यांचाही आहे. वाटणी झालेली नाही. अशा छपरावर एका भावाने स्वतःच्या पैशाने २५ वर्षांसाठी पॅनेल बसवले, तर उद्या वाटणीच्या वेळी ते पॅनेल कोणाचे? दुसऱ्या भावाला वर मजला चढवायचा असेल तर? एकाच घरात दोन चुली आणि दोन मीटर असतील तर पॅनेल ज्या मीटरला जोडले त्याचेच बिल कमी होते. छप्पर सगळ्यांचे आणि फायदा एकाचा, इथूनच मने दुखावतात.

याला उपाय आहे, तो आधी करायचा असतो. सर्व वारसांशी बोला, बहिणींशीसुद्धा. फोनवर होकार घेऊन थांबू नका. साध्या कागदावर लिहा: पैसे कोणी घातले, पॅनेल कोणाच्या मालकीचे, बिलाचा फायदा कोणाला, वाटणी किंवा बांधकाम निघाले तर ते कोणाच्या खर्चाने उतरवायचे. सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊ-भाऊ आहोत, कागद कशाला, असे वाटते. पण कागद असतो म्हणूनच भाऊ-भाऊ राहतात.

त्याबरोबर मीटरवरचे नाव बदलून घ्या. अर्ज वीजग्राहकाच्या क्रमांकावर होतो आणि अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात येते. मयत व्यक्तीच्या नावाचे मीटर असेल तर काम इथेच अडते. वारसांची संमती लागत असल्याने या नावबदलाला वेळ जातो. सुट्टीवर आलेल्या भावाच्या सह्या तो असतानाच घेऊन ठेवाव्यात.

इमारतीतल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे गच्ची सोसायटीची असते, एकट्या सभासदाची नव्हे. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. एकेकट्याने धडपडण्यापेक्षा सर्वांनी मिळून हा मार्ग घ्यावा.

पैशाचा हिशेब

घरगुती अनुदान १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरवली आहे. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते, म्हणून सुरुवातीला रक्कम हाताशी लागते. बँका यासाठी कर्ज देतात, पण ते व्याजाचे असते. ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्यांनी आपल्या ऐपतीत बसेल एवढीच, १ किलोवॉटची का होईना, यंत्रणा घ्यावी, किंवा घरातल्या घरात बिनव्याजी उसने घेऊन फेडीचा कागद करावा.

अनुदानासाठी विक्रेता योजनेत नोंदणीकृत असावा लागतो आणि पॅनेल भारतात बनलेले, त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. किमान तीन जणांकडून लेखी दर घ्या आणि त्यात सांगाड्याची जाडी, वायर, अर्थिंग, इन्व्हर्टरची वॉरंटी वेगवेगळी लिहून मागा. पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची असली तरी इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी असते. मध्ये एकदा तो बदलावा लागेल असे धरूनच चाला.

'नाही' हेही उत्तर असू शकते

वर्षातले दहा महिने कुलूप असलेले घर, महिन्याला ५०-६० युनिटचे बिल, दक्षिणेला माडांची रांग, गळका स्लॅब, किंवा वाटणीचा वाद: यातले एखादे असेल तर आज सोलर न घेणे हाच फायद्याचा निर्णय. बंद घरात पॅनेल पुसणारे, लाइन पडली आहे का हे पाहणारेही कोणी नसते. त्या पैशात स्लॅब दुरुस्त करता येतो, जुना फ्रीज आणि जुने पंखे बदलून बिल कमी करता येते, मीटर आणि उतारा वारसांच्या नावावर आणता येतो. ही कामे झाली की छप्पर दोन वर्षांनी तयार होईल, आणि तेव्हा बसवलेले सोलर जास्त टिकेल.

छप्पर चांगले निघाले तर मात्र टाळाटाळ करू नये. मोकळी दक्षिण, धड स्लॅब, बारमाही राहते घर आणि महिन्याला दीड-दोनशे युनिटचे बिल असलेल्या कुटुंबाला सोलर खरोखर परवडते. या सुट्टीत सगळे जमतील तेव्हा १२ बिले, टेप आणि खडू घेऊन गच्चीवर जा. मोजमाप झाले की खाली या, बहिणींना फोन लावा, आणि मगच एजंटला बोलवा.